खाण्यावर लिहायचं, तर मानधन मागायचं

आपल्या समाजातल्या कॉलेजात जाणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा: "ताई, खाण्यावर लिहून खरंच पैसे मिळतात का?" त्यांच्या आईबाबांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "हे असं किती दिवस चालणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मी गेली नऊ वर्षं इंदूरमध्ये राहून खाद्यलेखन करते आहे. कुठल्याही वर्तमानपत्रात नोकरीला नाही. एकेका लेखाचे, एकेका कामाचे पैसे घेते. पहिली चार वर्षं एका ऑफिसात हिशेबाचं काम करून उरलेल्या वेळात लिहिलं. गेली पाच वर्षं घराच्या कर्जाच्या हप्त्यातला माझा वाटा याच कामातून जातो. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, मिळतात" असं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जरा जागा लागेल, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. तुम्हाला खायला आवडतं याचे पैसे कोणी देत नाही. खायला सगळ्यांनाच आवडतं. पैसे मिळतात ते शोधून काढण्याचे, तपासून पाहण्याचे आणि वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असं मांडण्याचे. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं सोपं होतं.

काम कुठे असतं?

खाद्यलेखक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हॉटेलात जाऊन, चव घेऊन, गुण देणारा माणूस. असं काम आपल्याकडे फार थोड्या लोकांच्या वाट्याला येतं, आणि तेही बहुतेक मुंबई-दिल्लीत. बाकीचं काम आपल्या नजरेसमोर असतं, पण ते लिहिण्याचं काम आहे हे ध्यानात येत नाही.

मसाल्याच्या पाकिटामागची कृती कोणीतरी लिहिलेली असते. मिक्सर, ओव्हन, एअर फ्रायर यांच्याबरोबर येणारी पाककृतींची पुस्तिका कोणीतरी करून पाहून लिहिलेली असते. नव्या उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर पदार्थाखाली दोन ओळी असतात. व्हिडिओ चॅनेलना संहिता लागते, उपशीर्षकं लागतात. प्रकाशकांना पाककृतींच्या पुस्तकांचे अनुवादक आणि संपादक हवे असतात. ज्यांना उत्तम स्वयंपाक येतो पण लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी पुस्तक लिहून देणारेही हवे असतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, मासिकं आणि दिवाळी अंक तर आहेतच. अलीकडे आणखी एक काम वाढलं आहे: घरातल्या मोठ्यांच्या पाककृती गोळा करून कुटुंबापुरतं पुस्तक छापून देणं. सहस्रचंद्रदर्शनाच्या किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्तानं मी अशी तीन पुस्तकं केली आहेत.

यातल्या निम्म्याहून अधिक कामांवर तुमचं नाव छापलं जात नाही. नाव छापून येणारी कामं ओळख देतात, नाव न येणारी कामं घर चालवतात. माझ्या महिन्याच्या जमेत दोन्ही असतात, आणि दोन्ही असावीत असाच माझा प्रयत्न असतो.

आपल्या घरातलं भांडवल

"पण ताई, आम्ही इंदूरला. पुण्या-मुंबईच्या लोकांसमोर आमचा काय टिकाव?" हेही ऐकते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जे लोक दोन स्वयंपाकघरांच्या सीमेवर वाढले, त्यांना दोन्हीकडचा फरक दिसतो, आणि फरक दिसणं हीच लेखाची सुरुवात.

साधे पोहे घ्या. आपल्या घरी पोहे कढईत परतून, कांदा शिजवून, वर ओलं खोबरं नि कोथिंबीर घालून करतात. इंदूरच्या टपरीवर तेच पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेले असतात. वाफेमुळे ते तासन्‌तास मऊ आणि गरम राहतात. त्यात बडीशेप असते, कांदा वरून कच्चा येतो, मग शेव आणि जिरावण. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला हे "वेगळे पोहे" वाटतात. आपल्याला दोन्ही माहीत असतात, आणि हा फरक सकाळभर गिऱ्हाईक सांभाळण्याच्या गरजेतून आला आहे हे समजावूनही सांगता येतं. तसाच बाफला. राजस्थानी बाटी थेट भाजतात. माळव्यातला बाफला आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. उत्तरेत शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत, आणि इंदूरमध्ये मात्र केशर-सुकामेवा घातलेलं दुधाचं दाट पेय. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की तिथे लेख असतो.

ही फक्त इंदूरची मिरास नाही. बडोद्याच्या शेव-उसळीत मराठी उसळ आणि गुजराती शेव एका ताटलीत बसली आहेत. बेळगावचा कुंदा आणि मांडे तिथल्या मुलांना इतके सवयीचे असतात की त्यावर लिहावं असं त्यांना वाटतच नाही. हैदराबाद, ग्वाल्हेर, गोवा, सगळीकडे हेच. शिवाय आपल्याकडे दोन-तीन भाषा असतात. मी एकाच आठवड्यात हिंदीत मेनूकार्ड, मराठीत लेख आणि इंग्रजीत पाककृती लिहिते. एकाच भाषेत लिहिणाऱ्यापेक्षा माझ्यासमोरची दारं तिप्पट आहेत, आणि ती उघडायला मला वेगळी फी भरून शिकावं लागलेलं नाही; घराबाहेर हिंदी नि घरात मराठी बोलल्यानं ते झालं.

विषय आणि कल्पना यांतला फरक

संपादकाला पत्र लिहिताना बहुतेक नवे लेखक विषय पाठवतात: "मला सराफ्याच्या खाण्यावर लिहायचं आहे." संपादकाकडे असे प्रस्ताव ढिगानं येतात. त्याला हवी असते कल्पना, म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर शोधायची तुमची वाट.

उदाहरण देते. सराफ्यात रात्री साबूदाण्याची खिचडी मिळते. वाफेवर ठेवलेला साबूदाणा, वर मसाला, लिंबू, शेव. आपण घरी ती एकादशीला करतो, तुपात जिरं घालून, दाण्याचं कूट लावून. "सराफ्याची खिचडी" हा झाला विषय. आता प्रश्न विचारा: हा साबूदाणा येतो कुठून? आपल्याकडचा बराचसा साबूदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारा माल अडला आणि हा उद्योग तिथे उभा राहिला. २०२३मध्ये सेलमच्या साबूदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पुढचा प्रश्न: टॅपिओका मुळात कुठला? दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा? तोही तिथलाच. बटाटा? तोही. मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच आली. आपण उपासाला सर्वांत पवित्र मानतो त्या खिचडीतले चार मुख्य घटक गेल्या पाचएकशे वर्षांत समुद्र ओलांडून आलेले आहेत! मग त्या आधी आपल्याकडचे लोक एकादशीला काय खात असत?

आता हा प्रस्ताव झाला. यात सराफ्यातला विक्रेता आहे, सियागंजातला किराणा व्यापारी आहे, सेलमचा कारखाना आहे, आणि घरातली आजी आहे. यातल्या प्रत्येकाशी मी बोलणार आहे, असं मी संपादकाला सांगू शकते. एवढं दिसलं की लेख सोपवायला त्यांना धीर येतो.

यातच दुसरी अट येते, तपासून पाहण्याची. खाण्याच्या गोष्टी दंतकथांनी भरलेल्या असतात. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली गेली, ही कथा आपल्याला सगळ्यांना आवडते. मी तिचा पुरावा शोधायचा प्रयत्न केला. त्या काळातला एकही कागद मला सापडला नाही. मग लेखात मी ती "सांगितली जाते" अशीच लिहिली. मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट आहे म्हणून ती खरी म्हणून छापायची नाही. एकदा संपादकाचा तुमच्या तपासणीवर विश्वास बसला की पुढची कामं तो स्वतःहून देतो.

पत्र कसं लिहायचं

प्रस्तावाचं पत्र दीडशे-दोनशे शब्दांचं असावं. पहिल्या दोन ओळींत कल्पना. मग हा लेख आत्ताच का, याचं कारण: सण, ऋतू, एखादी ताजी घडामोड. मग कोणाशी बोलणार, कुठे जाणार. किती शब्दांचा लेख, फोटो तुम्ही देणार का, किती दिवसांत देणार. शेवटी आधीच्या दोन-तीन लेखांचे दुवे. छापून आलेलं काहीच नसेल, तर स्वतः लिहिलेले तीन चांगले नमुने जोडा. पत्र पुरवणीच्या किंवा विभागाच्या संपादकाच्या नावानं जावं. "महोदय/महोदया" अशी सुरुवात केलेली पत्रं कोणाचीच नसतात.

वेळेचं भान ठेवा. गराडूवरचा लेख थंडी सुरू झाल्यावर सुचला, तर तो पुढच्या वर्षीच्या वहीत लिहून ठेवा. वर्तमानपत्राच्या पुरवणीला सणाच्या तीन-चार आठवडे आधी, तर मासिकाला दोन-तीन महिने आधी कळवावं लागतं. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. आजही नव्या मराठी लेखकाला दीर्घ लेख छापायला यापेक्षा चांगली जागा नाही. मानधन सगळीकडे सारखं नसतं, म्हणून ते आधी विचारायचं.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर कल्पना दुसरीकडे पाठवा. नकार आला तर वाईट वाटतंच, पण त्याच संपादकाला महिन्याभरानं नवी कल्पना पाठवायला काही हरकत नाही. माझा पहिला लेख ज्यांनी घेतला, त्यांनी त्याआधी माझ्या चार कल्पना नाकारल्या होत्या.

वाटी म्हणजे किती?

पाककृती लिहिण्याचं काम हवं असेल तर एक डिजिटल वजनकाटा घ्या. आपल्या घरातली पाककृती "अंदाजानं" चालते. आजीचा अंदाज बरोबर असतो, कारण तिनं तो पन्नास वर्षं वापरलेला असतो. वाचणाऱ्याकडे ती पन्नास वर्षं नसतात. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं आणि घरोघरी पोहोचलं. नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला एकटीनं स्वयंपाक जमावा, अशा बेतानं वाटी-चमच्याच्या मापात ते लिहिलेलं होतं. आजची वाचणारी मुलगी बंगळुरूला किंवा टोरांटोला असते, आणि तिच्याकडे वाटीसुद्धा वेगळ्या मापाची असते. म्हणून मी वाटी लिहिते आणि पुढे ग्रॅमही लिहिते.

प्रत्येक पाककृती मी किमान तीनदा करून पाहते: एकदा गॅसवर, एकदा इंडक्शनवर, आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकाची फारशी सवय नसलेल्या कोणाकडून तरी करून घेते. आमच्या घरी हे तिसरं काम माझ्या धाकट्या भावाकडे असतं. तो जिथे अडतो तिथे माझं वाक्य चुकलेलं असतं. "लालसर होईपर्यंत" म्हणजे किती मिनिटं, किती मोठ्या कढईत, कुठल्या आचेवर, हे सगळं त्याच्या प्रश्नांमुळे लेखात येतं. कंपन्या पैसे देतात ते याच गोष्टीचे.

हल्ली मुलं विचारतात, संगणकच पाककृती लिहून देतो, मग आमची गरज काय? पाककृतीसारखं दिसणारं काहीतरी तो झटकन देतो, हे खरं. पण या वर्षीचा टॅपिओका कसा आहे, साबूदाणा भिजायला किती वेळ घेतो आहे, हे सियागंजात जाऊन विचारणारं आणि घरी भिजवून पाहणारं कोणीतरी लागतंच. ते कोणीतरी तुम्ही व्हा.

पैशांचं बोलणं

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरांतून पैशांबद्दल बोलायला संकोच शिकवलेला असतो. लेखनाबद्दल तर जास्तच: "तुझं नाव छापून येतंय ना?" नाव छापून आल्यावर वाण्याचं बिल भरलं जात नाही.

मी एक साधी कसोटी लावते: या कामातून दुसरं कोणी कमावतं आहे का? आपल्या समाजाच्या या अंकासाठी मी मानधन घेत नाही, कारण इथे संपादकापासून मांडणी करणाऱ्यापर्यंत कोणीच घेत नाही. पण जिथे जाहिराती आहेत, पगारी माणसं आहेत, विकायला माल आहे, तिथे लेखकानंच तेवढं फुकट का लिहावं?

लिहायला बसण्याआधी ईमेलवर एवढं विचारून घ्यायचं: मानधन किती, ते लेखामागे की शब्दामागे, लेख दिल्यावर मिळणार की छापून आल्यावर, किती दिवसांत, प्रवास आणि सामानाचा खर्च कोणाचा, फोटोंचे वेगळे पैसे आहेत का, आणि लेख घेऊन छापला नाही तर काय. फोनवर ठरलं असेल तर त्याच दिवशी "आपलं असं ठरलं" म्हणून ईमेल टाकायची. यात कोणाचा अपमान होत नाही. चांगले संपादक उलट खूश होतात.

मानधन बरं की कमी, हे पाहायला दिवस मोजा. समजा, एका लेखाचे चार हजार रुपये ठरले. दोन दिवस हिंडणं, एक दिवस वाचन, एक दिवस लेखन, एक दिवस दुरुस्त्या, पाच दिवस. सहाशे रुपये रिक्षा आणि खाण्यावर गेले. उरले चौतीसशे, म्हणजे दिवसाला ६८०. एवढ्यावर घर चालणार नाही. पण त्याच हिंडण्यातून हिंदी पुरवणीला एक वेगळा छोटा लेख, दिवाळी अंकाला मोठा लेख आणि एखाद्या व्हिडिओची संहिता निघाली, तर तेच पाच दिवस चांगले पडतात. तोच लेख तिघांना विकायचा नाही. तीच माहिती तीन वेगळ्या लेखांत वापरायची.

कागदपत्रांचंही सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. बिल नेहमी द्या: क्रमांक, तारीख, कामाचं नाव, रक्कम, पॅन, बँकेचा तपशील. एका आर्थिक वर्षात एका कंपनीकडून मिळणारं व्यावसायिक मानधन ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती १० टक्के टीडीएस कापून घेते. ही मर्यादा ३० हजार रुपये होती, ती १ एप्रिल २०२५पासून ५० हजार झाली. कापलेले पैसे बुडत नाहीत. आयकर विवरणपत्र भरलं की ते तुमच्या करात धरले जातात किंवा परत मिळतात. पॅन दिला नाही तर कपात २० टक्के होते. जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते. तो दिवस आला तर समाजाला पेढे वाटा.

हक्कांबद्दल दोन वाक्यं. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ दिसली तर मानधन वाढवून मागा किंवा ती ओळ बदलून मागा. मी मागते, आणि पुष्कळदा ती बदलली जाते.

एवढं सगळं करूनही पैसे अडकतात. एका संकेतस्थळानं माझे दोन लेख घेतले, छापले. ईमेलवर सगळं ठरलेलं होतं. अकरा महिने मी बिल पाठवत राहिले. काम सोपवणारी व्यक्ती तोवर नोकरी सोडून गेली होती आणि नव्या माणसाकडे "नोंद नव्हती". सगळ्या ईमेल एकत्र करून पाठवल्यावर एका लेखाचे पैसे आले, दुसऱ्याचे कधीच नाहीत. त्या तिमाहीत हप्त्याचा माझा वाटा बाबांनी भरला. ते काही बोलले नाहीत, पण ते न बोलणं मला अजून आठवतं. तेव्हापासून नव्या ठिकाणी पहिल्या लेखाचे पैसे आल्याशिवाय दुसरा लेख देत नाही, आणि तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवते. नोकरी सोडायचा विचार असणाऱ्यांनी ते खातं आधी भरावं, राजीनामा नंतर द्यावा. माझं ते भरायला चार वर्षं लागली.

फुकटचं ताट

या क्षेत्रात निमंत्रणं खूप येतात. उपाहारगृह जेवायला बोलावतं, मसाल्याची खोकी घरी येतात. घ्यायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण घेतलं तर सांगावं. जाहिरात मानक परिषद अर्थात एएससीआयनं २०२१मध्येच समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी नियम केले: पैसे, वस्तू किंवा सवलत घेऊन लिहिलं असेल तर ते स्पष्ट दिसलं पाहिजे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनाही तेच सांगतात. मी जाहिरातीचं काम घेते, पण ज्या कंपनीची पुस्तिका लिहिली तिच्या मालाबद्दल लेखात मत देत नाही. इंदूर खाण्याच्या बाबतीत लहान गाव आहे. तुमची जीभ विकली गेली आहे, अशी एकदा चर्चा झाली की तुमच्या चांगल्या लेखावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हात कोणाचा, नाव कोणाचं

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण ज्या माहितीवर कमावतो ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी हातातली असते: आत्या, काकू, शेजारच्या आजी, टपरीवरचे दादा. त्या बायकांनी आयुष्यभर फुकट स्वयंपाक केला. त्यांचं ज्ञान विकून आपण एकट्यानं मानधन घ्यावं, हे मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीला माळव्यातल्या मराठी घरांतल्या जुन्या गोड पदार्थांची पुस्तिका हवी होती. साटोऱ्या माझ्या आत्याच्या हातच्या. तीन दुपारी मी तिच्या ओट्याशी वजनकाटा घेऊन उभी राहिले. तिनं चिमटीत घेतलेला प्रत्येक ऐवज मी आधी काट्यावर ठेवायला लावला, म्हणून ती वैतागलीही. पैसे आल्यावर त्यातला तिसरा हिस्सा पाकिटात घालून तिच्याकडे नेला. मला वाटलं होतं, ती "आपल्याच माणसांत कसले पैसे" म्हणेल. तिनं चष्मा लावला, नोटा मोजल्या आणि विचारलं, "पावती द्यायची का मी?" मग म्हणाली, "नाव छापणार ना? मग माहेरचं आडनाव पण घाल. साटोऱ्या मी तिकडेच शिकले."

पुस्तिकेत तिचं नाव दोन्ही आडनावांसह छापलं आहे. तेव्हापासून कोणतंही काम ठरवताना पाककृती सांगणाऱ्याचं नाव आणि तिचा वाटा मी खर्चाच्या यादीत आधीच लिहिते. आजवर एकाही कंपनीनं त्यावर हरकत घेतलेली नाही. विचारलं की मिळतं. विचारणारं कोणी नसतं, एवढंच.

तुम्हाला हे काम करायचं असेल तर या महिन्यात तीन गोष्टी करा. घरातल्या एका पदार्थाचं माप काट्यावर उतरवा. त्या पदार्थाबद्दल असा एक प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर घरात कोणालाच ठाऊक नाही, आणि ते बाजारात किंवा ग्रंथालयात जाऊन शोधा. मग दोनशे शब्दांचं पत्र एका संपादकाला पाठवा, आणि शेवटच्या ओळीत विचारा: "या लेखाचं मानधन किती असेल?"